मराठवाड्याच्या हिवाळ्यासाठी मोटारीला कोणते टायर घ्यावेत?

मानवत रोड (परभणी) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे एक लहान पेट्रोल मोटार असून तिला १८५/६५ आर १५ या मापाचे ट्यूबलेस टायर आहेत. नोकरीमुळे मला परभणीहून मानवत, पाथरीमार्गे माजलगावकडे जावे लागते आणि हिवाळ्यातही निघण्याची वेळ पहाटेचीच असते. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा किती उतरतो, हे इकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. काही वर्षी तो पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. पाथरीच्या पुढे कालव्याच्या पाण्यावरचा ऊस लागतो. गाळप हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, फडातून वर आलेल्या चाकांची काळी माती डांबरावर लिंपली जाते, आणि दवाने ती ओली झाली की ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित सरकल्यासारखी वाटते.

सध्याचे चारही टायर २०१९ मध्ये बनलेले आहेत. पुढच्या दोन टायरांची नक्षी बरीच झिजली आहे. मागचे दोन वरवर पाहता ठीक दिसतात, पण त्यांच्या कडेच्या भिंतीवर बारीक भेगा पडू लागल्या आहेत. मला तीन जणांनी तीन सल्ले दिले आहेत. परदेशात राहणाऱ्या भाच्याचे म्हणणे असे की, सात अंशांखाली साधे टायर कडक होतात, म्हणून हिवाळी टायर घ्यावेत. येथील दुकानदार एम अधिक एस अशी खूण असलेले, जाड नक्षीचे टायर घ्या म्हणतो. ते थंडी, चिखल, पाऊस सगळ्यांत चालतात असा त्याचा दावा आहे. माझे दीर म्हणतात की, आता कोरडा काळ आहे, जूनपर्यंत जुन्यावरच भागवावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर नवे घ्यावेत. यांपैकी कोणाचे ऐकावे, हे जाणकारांनी कारणांसह सांगितल्यास आभारी राहीन.

जुना फोरमन (लातूर)

ताई, माझी नोकरी बसगाड्यांच्या कार्यशाळेत गेली, त्यामुळे टायर हा विषय हाताखालून गेलेला आहे. आपल्या दिरांचा सल्ला सर्वांत आधी बाजूला ठेवावा, असे मी म्हणेन. कडेच्या भिंतीवर भेगा दिसू लागल्या याचा अर्थ रबराचे वय झाले. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो, गाडी दिवसभर उन्हात उभी राहते, आणि त्या उन्हाने व हवेतील ओझोनने रबर वाळत जाते. अशा टायरची नक्षी शिल्लक असली तरी रबरातला मऊपणा गेलेला असतो, आणि ओल्या डांबराला धरून ठेवण्याचे काम मऊपणाच करतो. आपली गाडी मातीवर सरकल्यासारखी वाटते, त्यात थंडीचा वाटा थोडा आणि टायरच्या वयाचा वाटा मोठा असावा. शिवाय जूनपर्यंत थांबायचे म्हणजे याच भेगाळलेल्या टायरांवर सगळा उन्हाळा काढायचा. टायर फुटण्याचा धोका त्याच दिवसांत सर्वाधिक असतो.

नक्षीच्या खोलीविषयी सांगायचे तर मोटारीच्या टायरसाठी कायद्याने ठरवलेली किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. नक्षीच्या खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. मात्र १.६ ही कायद्याची शेवटची पायरी झाली. ओल्या रस्त्यावर तीन मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर थांबायला बराच जास्त रस्ता घेतो, म्हणून शहाणा माणूस तिथेच टायर बदलतो.

आता हवेविषयी, कारण हिवाळ्यात आपल्या भागात खरी गडबड इथे होते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील दाब साधारण एका पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) कमी होतो. मराठवाड्याच्या जानेवारीत पहाटे दहा अंश आणि दुपारी तीस अंश हा फरक नेहमीचाच आहे. आपण दुपारी, तेही गाडी चालवून तापलेल्या टायरमध्ये, पंपावर तेहतीस पीएसआय हवा भरून घेतली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघताना ती तीस किंवा त्याहूनही कमी भरते. कमी हवेचा टायर कडांवर झिजतो, वळणावर लोळतो आणि आतून तापतो. म्हणून हवा नेहमी थंड टायरमध्ये, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असताना मोजावी. किती भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या भिंतीवरचा आकडा ही कमाल मर्यादा असते. तो पाहून हवा भरणारी मुले पंपावर पुष्कळ भेटतात, त्यांना आपला आकडा स्वतः सांगावा.

उदगीरकर (सध्या श्टुटगार्ट)

आपल्या भाच्याने सांगितलेली सात अंशांची गोष्ट खोटी नाही, पण ती जिथली आहे तिथेच ठेवली पाहिजे. मी दरवर्षी ऑक्टोबरमध्ये हिवाळी टायर चढवतो आणि ईस्टरच्या सुमारास उतरवतो. येथे सर्वसाधारण पद्धत हीच आहे. जर्मनीत बर्फ, अर्धवट वितळलेल्या बर्फाचा राडा किंवा रस्त्यावर हिमाचा थर असताना हिवाळी टायरांशिवाय गाडी चालवता येत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तर केवळ तीन शिखरांचा डोंगर व त्यात हिमकण अशी खूण असलेलेच टायर हिवाळी म्हणून धरले जातात. ही खूण मिळण्यासाठी टायरची बर्फावर प्रत्यक्ष चाचणी व्हावी लागते. आपल्या दुकानदाराने सांगितलेल्या एम अधिक एस या खुणेला तशी कोणतीही चाचणी लागत नाही. चिखल आणि बर्फाला अनुकूल नक्षी असल्याचे ते निर्मात्याचे स्वतःचे निवेदन असते. याच कारणाने येथे केवळ ती खूण आता ग्राह्य धरली जात नाही.

हिवाळी टायरच्या रबराचे मिश्रण कमी तापमानातही लवचीक राहील असे बनवलेले असते आणि नक्षीच्या ठोकळ्यांवर अतिशय बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फात रुततात. हे सगळे दिवसभर पारा शून्याच्या आसपास राहणाऱ्या प्रदेशासाठी ठीक आहे. आपल्याकडे पहाटे सहा वाजता आठ अंश असले तरी दहा वाजेपर्यंत वीस आणि दुपारी तीस अंश होतात, आणि चालत्या टायरचे तापमान हवेपेक्षा बरेच अधिक असते. तसल्या उष्णतेत हिवाळी टायरचे मऊ ठोकळे रस्त्यावर दबून इकडेतिकडे हलतात, ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला अंतर जास्त लागते, वळणावर सुकाणूचा प्रतिसाद ढिला वाटतो, आणि नक्षी झपाट्याने झिजते. वर्षातील काही पहाटांसाठी उरलेल्या सर्व दिवसांची सुरक्षितता कमी करून घेण्यात अर्थ नाही. शिवाय साधा टायर सात अंशांना एकाएकी निकामी होत नाही. त्याची पकड हळूहळू कमी होते, आणि बर्फ नसलेल्या कोरड्या डांबरावर ती तेव्हाही पुरेशी असते.

भारतात असे टायर सहज मिळतही नाहीत. जून २०२० पासून नव्या टायरांची आयात परवान्याच्या अटीत गेली आहे. तेव्हा कोणी ‘बाहेरून मागवलेले’ हिवाळी टायर दाखवले, तर त्यांवर आयएसआय चिन्ह आहे का आणि ते कोणत्या वर्षी बनले आहेत, हे अवश्य पाहावे.

बालाघाट (बीड)

उदगीरकरांचे म्हणणे मोटारीपुरते मान्य आहे, परंतु एम अधिक एस टायरांना सरसकट मोडीत काढू नये. माझी गाडी उंच आहे, तिला तसल्याच नक्षीचे टायर आहेत आणि मांजरसुंब्याचा घाट, शेतातला मुरुमाचा रस्ता, नदीकाठची पांदण अशा सगळ्या ठिकाणी मी हिवाळ्यात ती फिरवतो. खडकाळ वाटेवर कडेची भिंत मजबूत असल्याचा फायदा मला स्पष्ट जाणवला आहे. रबीच्या दिवसांत शेतावर जाणे-येणे असेल तर ताईंनी त्या पर्यायाचाही विचार करावा. गाडीचा आवाज थोडा वाढतो आणि पेट्रोल थोडे जास्त जाते, हे मात्र कबूल करायला हवे.

जुना फोरमन (लातूर)

बालाघाट, आपल्या मुरुमाच्या वाटेबद्दल वाद नाही. पण ताईंचा प्रश्न डांबरावर लिंपलेल्या काळ्या मातीचा आहे आणि तिथे जाड नक्षीचा उपयोग फारसा होत नाही. आपली काळी माती ओली झाली की कोणत्याही नक्षीच्या खाचा भरून टाकते. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांचीसुद्धा ती भरून टाकते, मग मोटारीचे काय! खाचा एकदा भरल्या की टायर नवा असो वा जुना, गोटा झालेल्या टायरसारखाच वागतो. डांबरावर मातीचा थर पातळ असतो आणि तो कापून खालच्या डांबरापर्यंत पोहोचण्याचे काम ठोकळ्यांच्या तीक्ष्ण कडा आणि मऊ रबर करतात. म्हणजे नेहमीचाच, पण नवा आणि ओल्या रस्त्यावर चांगली पकड असणारा टायर इथे उपयोगी पडतो. जाड ठोकळ्यांच्या टायरचा डांबराशी होणारा स्पर्श उलट कमी भरतो.

आणि टायर कोणताही असला तरी ऊसवाहतुकीच्या पट्ट्यात पहाटेचा वेग कमी ठेवावा लागतो. धुक्यात मागे दिवे नसलेली ट्रॉली उभी असेल तर ती दिसेपर्यंत अंतर संपलेले असते. त्यावर टायर हा उपाय नाही.

मानवत रोड (परभणी)

सर्वांचे आभार. हिवाळी टायरांचा विषय माझ्यापुरता संपला. दुकानदाराचा पर्यायही मी सोडते, कारण शेतावर गाडी न्यायची वेळ मला क्वचितच येते. आता एक व्यावहारिक अडचण सांगते. चारही टायर एकदम घेणे या महिन्यात जड जाईल. दोन आता आणि दोन मार्चमध्ये घेतले तर चालेल का? आणि चालत असेल, तर नवे दोन टायर पुढे बसवावेत की मागे? आमच्या मिस्त्रीने ‘इंजिन पुढे, म्हणून नवे टायर पुढे’ असे ठामपणे सांगितले आहे.

बालाघाट (बीड)

मिस्त्रीचे बरोबर आहे. आपल्या गाडीची ताकद पुढच्या चाकांना मिळते, सुकाणू पुढच्या चाकांना जोडलेले असते आणि ब्रेकचा भारही मुख्यतः पुढेच येतो. चांगले टायर तिथेच हवेत. मी आजवर असेच करत आलो आहे.

उदगीरकर (सध्या श्टुटगार्ट)

हा समज फार पसरलेला आहे आणि ऐकायला तो अगदी तर्कशुद्ध वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळण्याऐवजी सरळ जाऊ लागते. चालकाला ते सुकाणूत लगेच कळते, तो पाय उचलतो, वेग कमी होतो आणि पकड बहुधा परत येते. मागच्या चाकांची पकड सुटली तर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि गाडी स्वतःभोवती फिरते. हे चालकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा वेळी घाबरून पाय उचलला किंवा ब्रेक दाबला, तर वजन पुढे सरकते, मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी अधिकच फिरते. ओल्या किंवा मातीने लिंपलेल्या रस्त्यावर हीच शक्यता जास्त असते. म्हणून दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे बसवावेत, असाच सल्ला टायर बनवणाऱ्या कंपन्या देतात, मग गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असो वा मागच्या.

मात्र ताईंच्या बाबतीत एक अडचण आहे. त्यांचे पुढचे टायर झिजलेले आणि मागचे भेगाळलेले आहेत. नवे दोन मागे बसवले की आताचे मागचे दोन पुढे येतील, आणि भेगा पडलेला टायर पुढे आणणे मला पटत नाही. फोरमनसाहेबांचे मत ऐकायला आवडेल.

जुना फोरमन (लातूर)

नवे मागे, हे बरोबर. भेगांचे म्हणाल तर त्या किती खोल आहेत यावर अवलंबून आहे. भेगेत नखाचे टोक जात असेल, किंवा आतले धागे दिसू लागले असतील, तर तो टायर कुठल्याच चाकावर ठेवू नये. भिंतीवर फुगवटा आला असेल तरीही तसेच. भेगा केवळ वरच्या कातडीपुरत्या असतील, तर दोन महिने परभणी-माजलगावच्या वेगात तो पुढे चालून जाईल, पण उन्हाळा त्यावर काढू नये. ताई, मार्च म्हणजे मार्चच, तिथून पुढे ढकलू नका.

अजून एक. दोन-दोन करून घेणार असाल तर दोन्ही वेळा त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे आणि त्याच मापाचे टायर घ्या. निदान एका आसावरची जोडी तरी तंतोतंत सारखी हवी. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा टायर असला की जोराच्या ब्रेकला गाडी एकीकडे ओढते.

सावंगी टोल (छत्रपती संभाजीनगर)

विकत घेताना काय पाहावे, याबद्दल चार ओळी. भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३८२५ असे लिहिले असेल तर तो टायर २०२५ च्या अडतिसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षभर पडून राहिलेला टायर नव्याच्या भावाने घेऊ नये. त्याच भिंतीवर मापाच्या पुढे ८८ एच अशासारखी खूण असते: ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो भार पेलण्याची क्षमता, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. एवढ्या वेगाने कोणी जात नाही, हे खरे. पण वरच्या दर्जाचा टायर उष्णता जास्त सहन करतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात त्याचाच उपयोग होतो. मूळ टायरवर जी खूण आहे तिच्या खालची कधीही घेऊ नये. समृद्धी महामार्गावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे आणि काँक्रीटवर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना टायर किती तापतो, हे सावंगीहून जालन्याकडे मे महिन्याच्या दुपारी गेलेल्या माणसाला विचारावे. हिवाळ्यासाठी टायर निवडताना सुद्धा मराठवाड्यातील माणसाने मे महिना डोळ्यांसमोर ठेवूनच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओल्या रस्त्यावरील पकडीविषयी सांगायचे तर, एप्रिल २०२३ पासून मोटारीच्या टायरांना ओल्या रस्त्यावरील पकड आणि लोटण्याचा विरोध (म्हणजे टायर फिरताना त्याला होणारा अडथळा) या दोन्हींचे किमान निकष भारतात लागू झाले आहेत. त्यामुळे त्यानंतर बनलेला टायर घेतला, तर निदान एका पातळीची खात्री असते. त्याच्या वर कोण चांगले, हे कंपनीच्या जाहिरातीपेक्षा त्याच मापाचा टायर वापरणाऱ्यांना विचारूनच कळते.

माझाही एक प्रश्न विचारून घेतो, उदगीरकरांसाठी. जानेवारीच्या शेवटी आम्ही गाडीने मनालीकडे निघण्याच्या विचारात आहोत. एवढ्या प्रवासासाठी तरी हिवाळी टायर घ्यावेत का?

उदगीरकर (सध्या श्टुटगार्ट)

संभाजीनगरहून मनालीपर्यंतचा बहुतेक रस्ता कोरडा आणि बर्फविरहित असतो. तेवढा सगळा रस्ता हिवाळी टायरवर कापून ते झिजवण्यापेक्षा चांगल्या नक्षीचे साधे टायर आणि डिकीत आपल्या मापाच्या बर्फसाखळ्या, हा मार्ग मला योग्य वाटतो. साखळ्या इंजिनाची ताकद ज्या चाकांना मिळते त्या चाकांवर चढवायच्या, म्हणजे बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या. वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत ठेवायचा आणि बर्फ संपताच त्या काढायच्या, नाहीतर डांबर आणि टायर दोन्ही खराब होतात. निघण्याआधी घराच्या अंगणात एकदा चढवून-उतरवून पाहाव्यात, कारण थंडीत बोटे बधिर झाल्यावर ते काम शिकता येत नाही. बर्फ पडल्यावर सोलंग आणि अटल बोगद्याकडे स्थानिक प्रशासन बहुधा चारही चाकांना ताकद असलेल्या, साखळ्या लावलेल्या वाहनांनाच सोडते. आपली गाडी तशी नसेल तर मनालीत ठेवावी आणि पुढे तिथल्या टॅक्सीने जावे.

मानवत रोड (परभणी)

काल भेगा पाहिल्या. मागच्या दोनपैकी एका टायरच्या भेगेत नख जाते, त्यामुळे चारही टायर आताच घेण्याचे ठरवले आहे. खर्चाची सोय दिरांनीच करून दिली, हेही नमूद करते. ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेले, मूळ मापाचे आणि ८८ एच खुणेचे टायर मागवले आहेत. दोन शेवटच्या शंका आहेत. दुकानदार नायट्रोजन भरण्याचा आग्रह करतो. त्याने पहाटेचा दाब कमी होणे थांबेल का? आणि स्टेपनी एकदाही रस्त्यावर उतरलेली नाही, तिची नक्षी कोरी आहे. ती तशीच ठेवावी ना?

जुना फोरमन (लातूर)

नायट्रोजनने ते थांबत नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीने दोन्हींचा दाब सारख्याच प्रमाणात उतरतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि गळती थोडी कमी होते, एवढाच फायदा. त्यासाठी दर वेळी पैसे मोजण्यापेक्षा हवा मोजण्याचे एक साधे यंत्र विकत घ्या आणि पंधरा दिवसांतून एकदा पहाटे निघण्यापूर्वी अंगणातच दाब पाहा. नवे टायर बसवताना व्हॉल्व्हही नवे घाला आणि बॅलन्सिंग, अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. पहिले शे-दोनशे किलोमीटर जोराचे ब्रेक टाळा, कारण नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो आणि तो झिजेपर्यंत पूर्ण पकड येत नाही.

स्टेपनीची नक्षी कोरी असली तरी ती २०१९ चीच असणार, आणि न वापरताही रबराचे वय होतच असते. ती पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती ठेवावी, तिच्यावर रोजचा प्रवास करू नये. उतरवलेल्या पुढच्या दोन टायरांपैकी एखाद्याच्या भिंतीला भेगा नसतील आणि नक्षी तीन मिलिमीटरच्या वर असेल, तरीही तो स्टेपनीसाठी घेऊ नका, कारण वय तेच आहे. स्टेपनीत नेहमीपेक्षा तीन-चार पीएसआय हवा जास्त भरून ठेवा. तिच्याकडे कोणी वर्षभर पाहत नाही आणि गरज पडते तेव्हा ती बसलेली निघते.

मानवत रोड (परभणी)

समजले. टायर शनिवारी येतील. जुने टायर दुकानदार परत घेतो आहे, पण त्यातला भेगाळलेला टायर तो रिमोल्ड करून, म्हणजे त्यावर नवी नक्षी चढवून, पुन्हा कोणाला विकणार नाही ना, हे मात्र मी त्याला विचारणार आहे.

जुना फोरमन (लातूर)

विचारू नका, भिंतीवर सुरीने आडवा काप देऊनच त्याच्या हाती द्या.